कवडूच्या जीपला ब्रेक का लागत नव्हता

कवडू, तू पिऊन नव्हतास हे आता गावाला माहीत झालं आहे. ते कसं झालं हे तुला ऐकावं लागेल, आणि ऐकताना मध्ये बोलायचं नाही. जिवंतपणी तू मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीस. "थांब मास्तर, तुह्या आंगात पुस्तक आलं," म्हणायचास आणि पाना घेऊन गाडीखाली शिरायचास. आता कुठं शिरशील?

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी भांडण. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि ते अर्धवट ठेवून तू गेलास, याचाच मला संताप आहे. तेरवीला लोक तुझ्या नावानं जेवले. मी ताटावरून उठून आलो. बुंदीचा घास तोंडात तसाच होता. लोकांना वाटलं मास्तर दुःखानं उठला. दुःख होतंच, पण मला उठवलं ते रागानं.

मी नागपूरला कॉलेजात शिकायला गेलो तेव्हा तू ठेकेदाराच्या लाकडाच्या ट्रकवर होतास. लढाईत फौजेच्या गाड्या हाकून आला होतास आणि अंगात खाकी पँट होती, ती तू लग्नातही घातलीस. दर सुट्टीला तू मला आरमोरीहून स्टेशनपर्यंत ट्रकमध्ये पुढं बसवून न्यायचास. एकदा एक फॉरेस्टचा बाबू पुढं बसायला आला तर तू त्याला सागाच्या लठ्ठ्यांवर बसवलंस. म्हणालास, "साहेब, तुमच्यासारखे लय आहेत. आमच्या मोहल्ल्यात कॉलेजवाला हा एकच आहे. पडला गिडला तर दुसरा कुठून आनू?" बाबू खरंच लठ्ठ्यांवर बसून आला. बी.एस्सी. झालो तेव्हा पेढे माझ्या बापानं नाही, तू वाटलेस. लोकांना सांगत सुटलास की मी आता विजेचे खांब उभे करणार. मी शाळेत मास्तर झालो. तुला त्याचंही काही वाटलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही करत नव्हतं, ही गोष्ट मी कुणासमोर लपवली नाही आणि तू तर ती चौकात ओरडून सांगितलीस. हे उपकार मी मानतो. आता पुढं ऐक.

जीप तू चांद्याच्या एका भंगाराच्या आवारातून ओढत आणलीस. लढाईतली, लिलावात निघालेली, टप नाही, एक दिवा नाही, बॅटरीच्या जागी मुंगसाचं घर. बैलांच्या मागं बांधून ती गावात आली तेव्हा भिवराबाई मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "कवडू, बैलांनी गाडी आनली का गाडीनं बैल?" सगळे हसले. तूही हसलास. तेच बैल पुढच्या बाजारात विकले गेले. ते डोमाबाबाचे बैल होते. तुझ्या बापानं सगळी उमर त्या बंडीवर काढली होती, अर्ध्या तालुक्याचं धान वाहिलं होतं, आणि पोराच्या यंत्रासाठी त्यानं स्वतः दावं सोडून दिलं. बंडी गोठ्याजवळ दांड्या टेकून पडली. जीपचा फायदा सगळ्यांना दिसत होता. तलावाची मासोळी तिच्यावर टाकून वैनगंगा ओलांडली की ती ताजीच्या ताजी ब्रह्मपुरीच्या बाजारात पोचली असती. त्याच ठेकेदाराच्या ट्रकची वाट पाहत नासवायची आणि तो म्हणेल त्या भावानं द्यायची, हे संपलं असतं. मोहल्ल्यातल्या सगळ्या घरांचं त्यात होतं. म्हणून तर मी शाळा सुटली की तुझ्या अंगणात यायचो. गाडीचं इंग्रजी पुस्तक मी वाचायचो आणि तू हात काळे करायचास.

पहिल्यांदा ब्रेक दाबला की पाय थेट खाली जायचा. ते सोपं होतं. मी वर बसलो, तू चाकाशी आडवा झालास.

"दाब."

"दाबला."

"धर."

"धरला."

"धरला मंतेस अन् पाय वर येऊन राह्यला तुहा. कॉलेजात जेवाले देत नोहते काऊन?"

"कवडू, तेल दबत नाई, हवा दबते. नळीत हवा आहे तोवर ब्रेक लागत नाई."

"मंग तेच करून राह्यलो ना! तू दाब, भाषन नंतर दे."

नळीतून बुडबुडे निघाले, मग निव्वळ तेल निघालं. चाकामधल्या त्या लहान सिलिंडरची रबरं नागपूरहून मागवून बदलली. ब्रेकचा पाय दगडासारखा टणक झाला. त्या संध्याकाळी तू मला जीपमध्ये घालून तलावाच्या पाळीपर्यंत नेलंस आणि एकदम ब्रेक मारलास. माझं कपाळ काचेच्या चौकटीला लागलं. काच नव्हतीच. "पाह्यलं?" म्हणालास. तुझा चेहरा मला आत्ताही दिसतो. मी शिव्या घातल्या आणि तू हसत होतास. त्या दिवशी आपण दोघं जगातले शहाणे होतो.

दसऱ्यानंतर पुन्हा सुरू झालं. पाय टणक, पण गाडी थांबेना, आणि थांबताना डावीकडे ओढायची. इथून आपलं भांडण सुरू होतं, आणि इथं मी बरोबर होतो. हे मी लिहून ठेवतो. मी म्हणालो, पाय टणक आहे म्हणजे तेल, नळी, सिलिंडर सगळं ठीक आहे. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावी चाकं धरतात आणि उजवी घसरतात. उजवी चाकं उघड. उघडली. चाकाच्या ड्रममध्ये, जिथं ब्रेकच्या कमानींवर लायनर असतं आणि ते कोरडं खरखरीत असायला पाहिजे, तिथं ओलं चकचकीत. बोट फिरवलं तर बोट घसरलं. तू म्हणालास, "आसाचं सील गेलं. आतलं तेल बाहेर येऊन राह्यलं." असं होतं, पुस्तकातही लिहिलं होतं. पेट्रोलनं लायनर धुतलं, कानशीनं घासलं, सील बदलली. आठवडाभर गाडी सरळ थांबली. मग पुन्हा डावीकडे.

"सील नवं आहे," मी म्हणालो.

"नवं म्हंजे चांगलं असतेच असं नाई. पाह्य ना, नवे मास्तर."

"थट्टा नोको करू. हे आतलं तेल नोहे."

"मंग काय आभाळातून पडून राह्यलं?"

पौषात, कडाक्याच्या थंडीत, सकाळी मी पुन्हा उजवा ड्रम उघडायला लावला. आत पांढरट थर होता, तुपासारखा गोठलेला. मी तो नखानं काढून तुला दाखवला. कवडू, आसाचं काळं तेल थंडीत घट्ट होतं, पण असं पांढरं गोठत नाही. गोठतं ते टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल. आपल्या घरी दिव्याला तेच, डोक्याला तेच, बंडीच्या चाकाला वंगण म्हणून तेच. मी नाकाला लावलं. मी म्हणालो, "कवडू, हे टोरीचं आहे." तू म्हणालास, "तुह्या आईनं डोक्याले लावलं असन, तोच हात तू इथी लावला." मला राग आला आणि मी घरी निघून गेलो. तेव्हा तुला माहीत नव्हतं. हे मी मान्य करतो. त्या दिवसापर्यंत तू खरंच त्या सीललाच शिव्या देत होतास.

मग मळणी झाली. गोठ्याच्या भिंतीशी जीप उभी राहायची तिच्या पुढ्यात तणसाचा ढीग रचला गेला, आणि तू गाडी त्याच भिंतीशी उलट तोंड करून लावायला लागलास, म्हणजे भिंतीकडची बाजू मोकळी झाली. त्यानंतरच्या बाजाराला गाडी उजवीकडे ओढायला लागली. आता मला झोप लागेना. बिघाड एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो कसा? लोखंडाला मन नसतं. मी तुझ्याकडे धावत आलो. तू तंबाखू मळत होतास.

"अरे, डावीकडची आता उजवीकडे ओढते! असं होतच नाई!"

"होते ना. बैल नाई खांदा बदलत?"

"गाडी बैल नोहे!"

तुझा हात थांबला. मला आता आठवतं, तुझा हात तिथंच थांबला. तू गाडीकडे पाहिलंस, मग गोठ्याच्या भिंतीकडे, मग तणसाकडे. तंबाखू तोंडात टाकायची राहून गेली. "जाऊ दे मास्तर," म्हणालास, "मी पाह्यतो." मी पहिल्यांदाच तुझ्या तोंडून ऐकलं की जाऊ दे.

त्यानंतर तू मला चाक उघडू दिलं नाहीस. बाजाराच्या दिवशी सकाळी तू एकटा चाकं उतरवून पेट्रोलनं धुवायचास. मी आलो की म्हणायचास, झालं, घालून राह्यलो. मला वाटायचं, किती कष्टाळू माणूस! आणि नदीच्या घाटावर, जिथं उंच दरडीतून वाट खाली वाळूत उतरते, तिथं तू वरच गाडी थांबवून सगळ्यांना उतरवायला लागलास. भिवराबाई माझ्याजवळ कुरकुर करायची. "मास्तर, हा कवडू मले म्हातारीले उतारावर चालवते अन् मासोळी गाडीत बसून जाते. मी काय मासोळीहून भारी झाली?" मी तुला विचारलं. तू म्हणालास, उतारावर वजन कमी बरं. मी म्हणालो, वजनाचा प्रश्न असता तर टोपल्या उतरवल्या असत्यास. तू पाना घेऊन गाडीखाली शिरलास.

तू माणसांना उतरवत होतास कारण तुला माहीत होतं. आणि मासोळीबरोबर स्वतः बसत होतास. कवडू, हे शहाणपण होतं का? याला काय म्हणायचं, ते तरी सांग.

फाल्गुनात, होळीच्या आधीच्या बाजाराला, तू चाकं धुतली नाहीस. तलावात मोठं जाळं ओढलं होतं, मासोळी भरपूर होती, ऊन चढण्याआधी निघायचं होतं. भिवराबाईला आणि तिच्या सुनेला तू दरडीवर उतरवलंस. लहान गिअर टाकून तू हळूहळू उतरत होतास, तेवढ्यात खालून पत्रूची बंडी वर आली. पलीकडच्या गावचा पत्रू, भाड्यानं विटा वाहणारा. बैल बिचकले. तुला थांबणं भाग होतं. तू ब्रेक दाबलास.

पत्रूनं पोलिसांना जे सांगितलं तेच त्यानं पानठेल्यावर सांगितलं, आणि मग गावात सांगितलं. "चाक डाव्या आंगाले पिरगाळून राह्यला होता अन् गाडी उजव्या आंगाले जाऊन राह्यली होती. मले वाटलं, पिऊन आहे." उजव्या अंगाला घळ होती. गाडी उलटली आणि तू खाली सापडलास. पत्रूनं आपले बैल सोडून गाडीला जुंपले आणि गाडी तुझ्यावरून बाजूला केली. ते त्यानं केलं, त्याचे उपकार. पण "पिऊन आहे" हे दोन शब्द तुझ्याआधी गावात पोचले. तुझी तिरडी उठायच्या आत लोक तुझ्या तोंडाचा वास आठवायला लागले होते. ज्यांना तू फुकट दवाखान्यात पोचवलंस तेसुद्धा.

तुझी बायको त्या दिवसापासून दाराबाहेर आली नाही. दुःखानं नव्हे फक्त. तुझा धाकटा विहिरीवर गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाह्य, दारुड्याचा पोट्टा. ते तिनं ऐकलं.

जीप बैलांनी ओढून परत अंगणात आणली. दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन आलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी पोलिसाला दाखवणार होतो, गावाला दाखवणार होतो, की गाडी एका बाजूला का ओढते. पाहुणे अजून उठले नव्हते. मी गाडीच्या मागं वाकून बसलो होतो आणि डोमाबाबा आला. हातात बांबूचं नळकांडं. बंडीखाली लटकलेलं असतं ते, वंगणाचं. त्यानं मला पाहिलं नाही. तो त्या मोडक्या, एका बाजूनं चेपलेल्या गाडीपाशी उकिडवा बसला, काडी नळकांड्यात बुडवली, आणि भिंतीकडच्या नव्हे, मोकळ्या बाजूच्या चाकाच्या मागून, ड्रमच्या फटीत, तेल सोडलं. मग पुढच्या चाकात. प्रत्येक चाकावर हात ठेवून पाया पडला.

मी गाडीमागून बाहेर आलो.

"बाबा," मी म्हणालो, "हे काय करून राह्यले?"

"कोन? मास्तर? वंगण देऊन राह्यलो गा. सवय. कोरडं चाक वाटंत दगा देते."

"कवापासून?"

"गाडी आली तवापासून. बैल गेले, आता मले दुसरं काम काय? रोज झुंजूमुंजू होताना. पोरगा उठाच्या आगुदर. त्याच्या आगुदर आमचे दोन गेले होते, तुले माहीत आहे. त्याले कवडीले विकून वापस घेतलं, तवा जगला. वाटेवरच्या पोराची काळजी बापानंच कराव."

मी विचारलं, "कवडूले माहीत होतं?"

म्हाताऱ्यानं काडी नळकांड्यात खोचली. मग म्हणाला, "मळणी झाल्यावर एक दिवस थो लवकर उठून आला. मी चाकाशी होतो. माहा हात धरला त्यानं. असा. मले वाटलं, काही मनते. काही मनला नाई. मंग हात सोडला अन् मने, बाबा, थंडी आहे, घोंगडं घ्या."

कवडू, घोंगडं घ्या? एवढंच? तुला मी काय म्हणू? तुझा ब्रेक कसा जातो, केव्हा जातो, कोणत्या हातानं जातो, सगळं तुला कळलं होतं. आणि तू तणसाच्या ढिगाला पाठ लावून मला "जाऊ दे मास्तर" म्हणालास. तू दर बाजाराच्या दिवशी बापाच्या हातचं तेल पेट्रोलनं धुवत राहिलास, आणि तो पुन्हा घालत राहिला. एकाच चाकापाशी तुम्ही दोघं, मध्ये एक शब्द नाही. गाडी कुठंतरी दुसरीकडे, शाळेच्या आवारात लावायचीस. माझ्या घरी लावायचीस. मला सांगायचंस, मी सांगितलं असतं! मी गावात तोंडाचा फटकळ म्हणूनच प्रसिद्ध आहे. लोक म्हणतील, किती बापाचा मान राखणारा पोरगा. बैल विकून घेतलेली गाडी, त्या बापाला कसं म्हणावं की तुझी माया गाडीला मारते. मला हे सगळं समजतं. समजलं म्हणून राग कमी होत नाही.

तेरवीला ठेकेदार आला. पांढरं धोतर, हातात घड्याळ. तुझ्या दारात बसून, तुझ्या बापाला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "पोरगा चांगला होता. पण पिणारा मानूस अन् भंगार गाडी, असंच होते. मासोळी आमच्या ट्रकवरच बरी. उद्यापासून मानूस पाठवतो." आणि मोहल्ल्यातल्या माणसांनी माना हलवल्या. डोमाबाबानंही खाली मान घातली. त्याला वाटत होतं, आपला पोरगा पिऊन मेला. माझ्या तोंडात बुंदी होती आणि तोंडावर ते एक वाक्य होतं. बोललो तर तुझं नाव धुऊन निघेल आणि म्हातारा मरेल, असं मला वाटलं. गिळलं तर म्हातारा जगेल आणि तू दारुडा. तू मला या जागी बसवून गेलास. मी उठलो.

घरी पोचतो न पोचतो तोच डोमाबाबा काठी टेकत मागं आला.

"मास्तर, तू जेवला काऊन नाई? माह्या पोराच्या नावाचं अन्न टाकून आला?"

मी म्हणालो, "बाबा, कवडू पिऊन नोहता."

"मंग?"

मी त्याला ओट्यावर बसवलं. मी वर्गात पोरांना शिकवतो तसं सांगितलं, कारण दुसरं कसं सांगावं ते मला येत नाही. "बंडीचं चाक फिराले पायजे, बाबा, म्हणून त्याले वंगण. गाडीच्या चाकाच्या पोटात दोन कमानी असते. ब्रेक दाबला का त्या चाकाले आतून धरते. कोरड्या असल्या तरच धरते. तेल असलं का घसरते. एका आंगाले तेल असलं का गाडी दुसऱ्या आंगाले ओढते."

म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. बंडीवाला माणूस, कवडू. चाक त्याला माझ्यापेक्षा लवकर समजतं. अर्धं वाक्य झालं आणि त्याच्या डोळ्यात मला दिसलं की पोचलं.

"दाखव," तो म्हणाला.

आम्ही मागच्या कुडातून तुझ्या अंगणात गेलो. मी उजवं चाक उतरवलं, ड्रम काढला. कोरडं. मग डावं. ओलं. त्यानं दोन्हीवर बोट फिरवलं, पहिल्यांदा कोरड्यावर, मग ओल्यावर, मग पुन्हा कोरड्यावर. बोट नाकाशी नेलं. मी वाट पाहत होतो की आता तो कोसळेल आणि मी त्याला सावरीन. त्यासाठी मी जवळ सरकलोही होतो. "माहंच आहे," म्हातारा म्हणाला. "ते कमान काढून दे."

मी काढून दिली. तो ती हातात घेऊन, तेल मनगटावरून ओघळत असताना, सरळ मांडवात गेला. लोक सुपारी खात बसले होते. ठेकेदार जायला उठला होता.

"बसा," डोमाबाबा म्हणाला. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "माहा पोरगा पिऊन नोहता. हे पाहा. गाडीच्या चाकात रोज मी वंगण टाकत होतो. हे चाक थांबाले पायजे होतं, मी थांबू देल्लं नाई. जे मनाचं ते मले मना."

 ठेकेदार म्हणाला, "जाऊ द्या बाबा, झालं ते झालं."

"झालं ते झालं नोहे. तुमी आता घटकाभर आगुदर काय मनलं, ते परत मना. माह्याकडे पाहून मना."

ठेकेदारानं घड्याळ पाहिलं. भिवराबाई मागून ओरडली, "मनत काऊन नाई शेटजी? जीभ घसरली का?" ती ओरडता ओरडता रडायला लागली. पत्रू कोपऱ्यात बसला होता. तो उठून म्हाताऱ्याच्या पायाशी गेला आणि म्हणाला, "बाबा, पिऊन आहे, हे मीच मनलं होतं." डोमाबाबानं त्याला उठवलं. "तू पाह्यलं तेच मनलं. गाडी तशीच गेली." मग तो आत गेला आणि तुझ्या बायकोला म्हणाला, "सूनबाई, बाहेर ये. पोट्ट्याले घेऊन ये." ती आली.

आता समजलं? एक वाक्य होतं, कवडू. मी सांगितलं ते लांबलचक सांगितलं, तू सांगितलं असतंस तर चार शब्दांत झालं असतं. आणि तुझा बाप मेला नाही. तू त्याला इतकं नाजूक समजलास की रोज स्वतःच्या जिवावर त्याला सांभाळत राहिलास. मी पण तेच समजलो, घटकाभर. त्यानं एका दुपारी ते उचललं, सगळ्यांच्या देखत उचललं, आणि उभा राहिला. तू त्याचा मान राखला नाहीस. तू त्याला लहान केलंस. हे तुझ्या तोंडावर बोलायचं होतं मला. तू हसला असतास, पाना फेकून मारला असतास, आणि मग सायंकाळी ओट्यावर येऊन मान्य केलं असतंस. तुझ्या रागाची ती रीत मला माहीत आहे.

ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि रिकामा परत गेला. मासोळी सध्या माणसांच्या डोक्यावर नदीपार जाते. थोडी नासते. गाडी मी नीट करणार आहे, तिचा पुढचा आस वाकला आहे. चालवायला कुणी तरी मिळेल. त्यासाठी हे लिहिलं नाही.

लिहिलं ते आज जे झालं त्यासाठी. आज डोमाबाबा माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी पोरांचे पेपर तपासत होतो. त्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मास्तर, तू शिकलेला आहेस. एक सांग. थो मले सांगाले भेला. मी का वाघ होतो गा?"

मी म्हणालो, "नाई, बाबा."

त्यानं मान हलवली नाही. माझं उत्तर त्याला नको होतं, तुझं हवं होतं. तो अजून तिथंच बसला आहे, मी आत बसून तुला हे लिहितो आहे.